अण्णांची भट्टी आणि अथेन्सची चांदी

पर्शियाशी लढलेल्या ग्रीक सेनानींबद्दल माझं जे मत आहे, ते विद्यापीठात कमी आणि करोल बागेतल्या एका गलाईच्या दुकानात जास्त घडलं. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर गेली, त्यांतलेच आमच्या गावचे अण्णा. मी दिल्ली विद्यापीठात इतिहास शिकायला गेलो तेव्हा त्यांनी बँक स्ट्रीटजवळच्या आपल्या दुकानावरची खोली मला दिली. भाड्याचं विचारलं की म्हणायचे, "ते मी आन् तुझा बा बघून घिऊ. तू वाच."

संध्याकाळी मुशीत टाकणखार टाकता टाकता ते विचारायचे, "आज काय शिकीवलं?" मग मी सांगत सुटायचो. इ.स.पू. 490 मध्ये मॅरेथॉनला पर्शियनांवर चालून जायचा आग्रह धरणारा मिल्टिआडिस, 480 मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत 300 स्पार्टनांसह पडलेला लिओनिडास. खिंड म्हटल्यावर अण्णांना बाजीप्रभू आठवले, ते साहजिकच होतं. पण त्यांचा हात थांबला तो थेमिस्टोक्लिसपाशी.

लॉरियनच्या खाणीत चांदीची मोठी शीर लागली होती. अथेन्सचे लोक ती माणशी 10 द्राख्मा वाटून घेणार होते. "म्हंजी किती?" सुमारे 43 ग्रॅम, मी हिशेब केला. थेमिस्टोक्लिसनं ती वाटू दिली नाही, जहाजं बांधायला लावली. पर्शियाचा राजा झर्क्सिस याचं नाव न घेता शेजारच्या एजिनाशी चाललेलं वैर पुढं केलं, कारण ते लोकांना रोज दिसत होतं. हिरोडोटस 200 जहाजं सांगतो. सालामिसला पर्शियन आरमार मोडलं ते या जहाजांच्या बळावर.

अण्णा म्हणाले, "आम्ही चौघं भाऊ. पैल्या सालची मजुरी वाटली न्हाई, दुकानाची पगडी भरली. धाकटा वरीसभर माझ्याशी बोलला न्हाई."

लॉरियनची चांदी शिशात मिसळलेली असे. ती वेगळी कशी करत, हे मी नुसतं पाठ केलं होतं. अण्णांनी हाडांच्या राखेच्या मुशीत शिसं-चांदीचा तुकडा तापवून दाखवला. शिसं राखेत जिरत गेलं, वर तरंगणारी साय फिटली आणि चांदीचा मणी एकदम लखलखला. "असंच करत असतील तुझं गिरीक."

या सेनानींचा शेवट मात्र त्यांना सोसवेना. पारोसची मोहीम फसल्यावर मिल्टिआडिसला 50 टॅलंट दंड झाला, म्हणजे सुमारे 1300 किलो चांदी. मांडीची जखम सडून तो मेला. दंड त्याचा मुलगा किमॉन यानं भरला. थेमिस्टोक्लिसला अथेन्सनं खापरांवर नावं लिहून हद्दपार केलं आणि तो अखेर पर्शियाच्याच राजाच्या आश्रयाला गेला. अण्णांनी विचारलं ते किमॉनबद्दल: "पोरानं समदं फेडलं?" हो म्हटल्यावर बराच वेळ ते भट्टीकडं बघत राहिले.

पुढं वडील भाड्याचे पैसे घेऊन दिल्लीला आले. अण्णांनी त्यांना जेवू घातलं, पैशाला हात लावला नाही.

आता मी कॉलेजात शिकवतो. मुलांना लिओनिडास सिनेमामुळं आधीच ठाऊक असतो, त्याच्या शौर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण पर्शियाला थोपवण्याचा पहिला मान मी थेमिस्टोक्लिसला देतो, आणि सालामिसच्या आधी एक अख्खा तास लॉरियनच्या चांदीला देतो. तो तास अण्णांचा आहे, असं वर्गात दरवर्षी सांगतो.