गरजू आणि गरजेचा

मागल्या दिवाळीच्या आधी, दुपारची निजानीज झालेली असताना माझ्या आईचा त्या दिवशीचा चौथा फोन आला. कारण नेहमीसारखेच किरकोळ होते. चकलीच्या भाजणीत धने किती घालायचे, ते तिला आठवत नव्हते. ही भाजणी तिने पन्नास वर्षे केलेली आहे आणि मी ती तिच्याकडूनच शिकले आहे. मी प्रमाण सांगून फोन ठेवला, तेव्हा माझी अकरावीतली मुलगी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आजी किती नीडी झाली आहे ना हल्ली." तिच्या स्वरात तुच्छता नव्हती. अंग कोमट लागते आहे, असे सांगावे तसे तिने ते सांगितले. मला मात्र ते लागले.

मराठी शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे माझी पहिली प्रतिक्रियाही धंद्याचीच होती. या विशेषणाला मराठीत काय म्हणावे? कोशातला प्रतिशब्द सरळ आहे: गरजू. पण 'आजी गरजू आहे' असे म्हणून पाहावे. डोळ्यांपुढे लगेच वह्यावाटप, ब्लँकेटवाटप, मंडपातली रांग आणि सत्काराचा हार उभा राहतो. आमची आई निवृत्तिवेतनावर व्यवस्थित जगते. उलट नातीच्या हातात दर खेपेला पाचशेची नोट तीच ठेवते.

इंग्रजीतही हा शब्द मुळात खिशाविषयीचाच होता. 1611 च्या बायबलच्या भाषांतरात तो 'दरिद्री' या अर्थाच्या शब्दाशी जोडीने येतो आणि स्तोत्रकर्ता तो देवासमोर चक्क स्वतःविषयी वापरतो. त्यात लाज नाही, एक प्रकारचा हक्कच आहे. आपल्या जाहिरातींतली 'गरीब व गरजू' ही जोडी त्याच वळणाची आहे. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानसशास्त्राची परिभाषा घरोघर बोलली जाऊ लागली, तसा हा शब्द खिशातून मनात शिरला. ज्याला पैसा नव्हे तर दुसऱ्याचे लक्ष सतत हवे असते, 'तू माझाच ना?' हे ज्याला पुन्हा पुन्हा ऐकावे लागते, तो नीडी. माझ्या विद्यार्थिनी हा शब्द कसा वापरतात ते मी कान देऊन ऐकले आहे. निरोपाला तत्काळ उत्तर देणारा मुलगा नीडी, उत्तर आले नाही म्हणून पाठोपाठ नुसते प्रश्नचिन्ह पाठवणारा तर फारच. मुद्दाम तासभर थांबून उत्तर देणारा मात्र नाही. त्यालाही तितकीच ओढ असेल, पण त्याने ती दिसू दिलेली नाही. म्हणजे दोष गरज असण्यात नसून ती दिसण्यात आहे. माझी एक मावशी मंडईत जाताना बजावत असे, "गरज दाखवू नये, भाव चढतो." भाजीच्या वाट्यांना लागू असलेला हा नियम प्रेमाला कधी लागू झाला, ते आम्हां मध्यमवयीनांच्या लक्षातच आले नाही.

अर्थात मराठी याबाबतीत फार दयाळू आहे, असा दावा कोणी करू नये. गरजवंताला अक्कल नसते, अडला हरी गाढवाचे पाय धरी, गरज सरो वैद्य मरो: आपल्या म्हणींनी गरजवंताला मूर्ख, लाचार आणि कृतघ्न अशा तिन्ही पदव्या देऊन टाकल्या आहेत. 'गरज' हा शब्दही आला अरबीतून, फारसीच्या वाटेने. मुळात त्याचा अर्थ नेम धरण्याचे लक्ष्य, त्यावरून हेतू, आणि हेतूवरून स्वार्थ. 'खुदगर्ज' म्हणजे स्वार्थी, हे हिंदी चित्रपटांनी आपल्याला शिकवलेच आहे. मराठीने त्यातला स्वार्थ बराचसा काढून टाकला, पण त्याचा वास पुरता गेला नाही.

मराठीचा खरा मोठेपणा मला एका क्रियापदात दिसतो. ते म्हणजे 'लागणे'. भूक लागते, तहान लागते, झोप लागते. तान्ह्याला झोपताना आई लागते. सासऱ्यांना जेवणानंतर सुपारी लागते. आणि याच ओघात आपण म्हणतो, "त्यांना माणसं लागतात." या वाक्यात दूषण नाही. असलेच तर थोडे कौतुक आहे, थोडी कुरकुर आहे, आणि घरात पाहुण्यांच्या अंथरुणांची चळत आहे. या रचनेत माणूस कर्ता नसतो. 'त्यांना' असा चतुर्थीत बसलेला असतो आणि गरज त्याच्याकडे बाहेरून चालत येते, भुकेसारखी. भूक लागलेल्याला आपण त्याच्या स्वभावातला दोष सांगत नाही. इंग्रजी विशेषण मात्र माणसाच्या कपाळावर चिकटते. मुलीचे वाक्य मला का लागले, ते मला इथे पहिल्यांदा थोडेसे उमगले. तिने आजीला झालेली गोष्ट सांगितली नव्हती, आजी काय आहे ते सांगितले होते.

पण हे सारे विवेचन मला जरा सोयीचे वाटू लागले होते, म्हणून ज्या प्रसंगात मी स्वतः शहाणी ठरत नाही तो सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या विद्यार्थी साहाय्य समितीवर मी होते. शुल्कासाठी मदत हवी असलेल्यांनी अर्जात आपली परिस्थिती सविस्तर लिहावी, असा दंडक होता. मुले लिहीत. वडिलांचे आजारपण, आईची धुणीभांडी, गळके छत. जितके सविस्तर तितकी मंजुरीची शक्यता अधिक, हे कोणी न सांगता त्यांना कळलेले असे. त्यांत एका मुलाचा अर्ज दोन ओळींचा होता, इंग्रजीत. रक्कम लिहिली होती आणि त्याआधी एकच वाक्य: आय ॲम अ नीडफुल स्टुडंट. एक सहकारी हसले. नीडी म्हणजे गरजू. नीडफुल म्हणजे आवश्यक, गरजेचा. सरकारी पत्रव्यवहारातल्या 'डू द नीडफुल'मुळे आपल्याकडे हा घोटाळा सर्रास होतो. मी लाल शाईने शब्द दुरुस्त केला आणि 'परिस्थिती सविस्तर लिहावी' असा शेरा मारून अर्ज परत केला. तो मुलगा पुन्हा आला नाही. पुढल्या सत्रात त्याने मुक्त विद्यापीठात नाव घातल्याचे समजले. माझ्या शेऱ्यामुळेच त्याने असे केले, असे मी म्हणत नाही. पण त्या दुरुस्तीने मी त्याचे वाक्य 'मी गरजेचा विद्यार्थी आहे' इथून 'मी गरजू विद्यार्थी आहे' इथे आणून ठेवले होते.

जॉर्ज कॅनिंग आणि जॉन हूकम फ्रीअर यांची एक विडंबनकविता 1797 साली 'अँटी-जॅकोबिन' या पत्रात आली होती. तीत एक मानवतेचा कैवारी आणि एक चाकू-कात्र्यांना धार लावणारा यांची गाठ पडते. कवितेच्या आरंभीच या धारवाल्याला 'नीडी' हे विशेषण लावलेले आहे. कैवारी विचारतो: तुला कोणी छळले? जमीनदाराने, धर्मोपदेशकाने की वकिलाने? तुझी करुण कहाणी ऐकताच गाळायला अश्रू तयार आहेत. धारवाला म्हणतो, कहाणी काहीच नाही. काल गुत्त्यात झटापट झाली, त्यात कपडे फाटले. सहा पेनी दिल्यात तर तुमच्या नावाने बिअर घेईन. यावर कैवारी संतापतो, त्याला लाथ घालतो, त्याचे चाक उलथून टाकतो आणि विश्वबंधुत्वाच्या आवेशात निघून जातो. कॅनिंग गरिबांचा मित्र नव्हता. त्याचा रोख फ्रेंच राज्यक्रांतीच्या समर्थकांवर होता आणि हेतू उघड राजकीय होता. (पुढे 1827 साली तो पंतप्रधान झाला, 1857 च्या वेळचा आपला गव्हर्नर जनरल हा त्याचाच मुलगा.) तरीही तो कैवारी वाचताना मला आमची समिती आठवते. आम्हांला कहाणी हवी होती.

कर्मवीर भाऊराव पाटलांना हा फरक कळला असावा, असे मला राहून राहून वाटते. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या या माणसाने 'कमवा आणि शिका' ही वाट घालून दिली, ती केवळ पैसे नव्हते म्हणून नव्हे. त्यांच्या वसतिगृहांतली मुले स्वयंपाक करीत, शेतात राबत. म्हणजे मुलाला वसतिगृह हवे होते आणि वसतिगृहालाही मूल हवे होते. आज अनेक महाविद्यालयांत ही योजना चालते. बागेत खुरपणाऱ्या मुलाकडे पाहत त्याचे वर्गमित्र उपाहारगृहाकडे जातात, तेव्हा तिच्यातून उलटाच शिक्का उमटतो, हेही पाहिलेले आहे. कामाची गरज खरी असेल तरच माणूस गरजेचा होतो. देखाव्याचे काम कोणालाही ओळखता येते.

हे मला आईनेच दाखवून दिले. मुलीच्या त्या वाक्यानंतर मी थोडी हुशारी केली. आईला फोन करून म्हणाले, "भाजणी तूच करून पाठव, मला जमत नाही." पलीकडे क्षणभर शांतता, मग उत्तर आले: "कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ना तुमच्या? उगीच मला काम काढून देऊ नकोस."

डोनाल्ड विनिकट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ मनोविश्लेषकाचा एकटे राहण्याच्या क्षमतेवरचा निबंध 1958 साली प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे असे की, मूल एकटे रमायला शिकते ते आईच्या सान्निध्यात. ती जवळपास आहे, हे ठाऊक असते म्हणूनच ते खेळात बुडून जाऊ शकते. विनिकट बोलतो तान्ह्यांविषयी; मी ते वाईच्या आमच्या जुन्या घराला लावून पाहते. वडील गेल्यापासून तिथे शेजारच्या खोलीत कोणी नसते. धन्यांचे प्रमाण विचारणारा तो फोन म्हणजे 'आहेस ना?' एवढेच असावे. मुलीला मी हे सांगितले. ती म्हणाली, "मी तरी दुसरं काय म्हणत होते?" यावर मला उत्तर सुचले नाही.

गेल्या महिन्यात वर्गात जनाबाई शिकवत होते. विठ्ठल जनीला दळू लागतो, इथे आले, आणि लक्षात आले की समोरच्या साठ मुलांपैकी एकानेही जाते चालताना पाहिलेले नाही. एकीने विचारले, दोघी दळायला बसल्या तर जात्यात धान्य कोण घालते? मला सांगता येईना. 'वैरणे' हा शब्द मी सांगितला, पण कोणी वैरायचे ते ठाऊक नव्हते. संध्याकाळी आईला फोन लावला. ती सुरू झाली: कोणाचा हात कुठे, खुंटा कसा धरायचा, जाडसर काढायचे तर मूठ कशी टाकायची, तिची आत्या वैरताना एक दाणा बाहेर कसा जाऊ देत नसे. मी कागद घेऊन लिहीत होते, मध्येमध्ये थांबवून पुन्हा विचारत होते. चाळीस मिनिटे झाली असतील. दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी मला आणखी एक गोष्ट विचारायची होती, पण तेवढ्यात ती म्हणाली, "थांब, गॅसवर दूध आहे माझं. ठेवते आता, उद्या कर." आणि तिने फोन ठेवला.