मधाचा महिना

लग्न ठरलं, याद्या झाल्या, हॉलचे आगाऊ पैसेही भरून झाले; आणि मग सगळं अडलं ते मधुचंद्रावर!

तुम्ही म्हणाल, ही काय वडीलधाऱ्यांनी बोलायची गोष्ट आहे? आमच्या वेळी नव्हतीच. पण या सोयरिकीत मी मध्यस्थ. मुलगा माझा भाचा, मोरजीच्या थोरल्या भावाचा. मुलगी इथली बेळगावची, आमच्या यजमानांच्या मित्राची, घरात कन्नड बोलणारी. सोयरीक जुळवणाऱ्याचं एक असतं. चांगलं झालं तर ते मुलांचं नशीब, आणि कुठं खट्टं वाजलं की दोन्हीकडचे फोन आपल्यालाच. दोन्हीकडचे म्हणजे दोन्ही भाषांतले. सकाळी वहिनीची कोकणीमिश्रित मराठी, संध्याकाळी बीगरूंचं कन्नड. मधे मी.

आमचा मधुचंद्र सांगते म्हणजे फरक कळेल. 1986 साल. लग्नानंतर पाचपरतावण झालं आणि सासूबाई म्हणाल्या, आता यल्लम्माला जाऊन येऊ. भाड्याची जीप केली. सासूबाई, दोन नणंदा, एक चुलत दीर, नारळांचं पोतं आणि आम्ही दोघं. सौंदत्तीचं दर्शन झालं, येताना गोकाकचा धबधबा पाहिला. धबधब्यासमोर आमचा दोघांचा एक फोटो आहे. त्यातसुद्धा कडेला धाकट्या नणंदेची वेणी आली आहे. यजमान अजूनही तो फोटो दाखवून सांगतात, ‘हा आमचा हनीमून, तिघांचा!’

त्यामुळं भाच्यानं ऑक्टोबरात फोन करून सांगितलं, “आते, आम्ही जूनमध्ये रशियाला जाणार,” तेव्हा मी आधी हसले. मग विचारलं, “जूनमध्येच का? लग्न मेमध्ये आहे, जरा दम तरी घ्या.”

“पावसांत कोण येता गो आते?” तो म्हणाला.

खरंच होतं. मोरजीत माझं माहेर आहे म्हणजे मी सीझनच्या घरातली आहे. लहानपणी शिवोलीहून चोपड्याला फेरीबोटीनं शापोरा नदी ओलांडून घरी जायचो. शेवटची फेरी चुकली की शिवोलीत कुणाच्या तरी ओसरीवर झोप. तेव्हा मोरजीला कोण येत होतं? मग भावानं माडांच्या बागेत दोन खोल्या बांधल्या, दोनाच्या सहा झाल्या, आता नऊ आहेत. किनाऱ्याकडच्या रस्त्यावर रशियन अक्षरांच्या पाट्या आल्या, मेनूकार्डं रशियनमध्ये आली. ऑक्टोबर ते मे घरात कुणाला ताप यायचीसुद्धा सोय नाही. मे संपला की शॅक मोडून ठेवतात, खोल्यांना कुलपं लागतात. वर्षातला तेवढाच काळ घर आपलं असतं.

भाचा या पाहुण्यांतच वाढला. त्याचं रशियन शाळेतलं नाही, अंगणातलं आहे. त्याला आलेला पहिला शब्द ‘चेरेपाखा’, म्हणजे कासव. मोरजीच्या टेंबवाड्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. 1990च्या दशकाच्या अखेरीपासून वनखातं आणि गावातली माणसं मिळून ती राखतात. एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस. पिल्लं उजेडाकडे धावतात, म्हणून त्या भागात रात्री दिवे नकोत, गोंगाट नको. हे सगळं पाहुण्यांना सांगायचं काम दहा वर्षांच्या या पोराकडे. एक शब्द यायचा आणि बाकी हातवारे!

काही वर्षांपूर्वी एक रशियन जोडपं लग्नानंतर लगेच आमच्याकडे उतरलं होतं. सेंट पीटर्सबर्गचं. ‘पिल्लं निघायची झाली की उठव,’ असं त्यांनी भाच्याला बजावून ठेवलेलं. त्यानं पहाटे चारला दार वाजवलं. दोघं टॉर्च न लावता वाळूत बसून राहिली, उजाडेपर्यंत. जाताना म्हणाली, तुझं लग्न झालं की जूनमध्ये आमच्याकडे ये, तिथं जूनमध्ये रात्रीचा अंधारच पडत नाही.

हे पोराच्या डोक्यात बसलं होतं. लग्न ठरताच त्यानं वही काढली. पीटर्सबर्ग साधारण साठ अक्षांशावर, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथं सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पाचच्या आत उगवतो, मधे नुसतं झुंजुमुंजू. भारतीयांना ऑगस्ट 2023पासून घरबसल्या ई-व्हिसा मिळतो. नेवा नदीवरचे पूल मध्यरात्रीनंतर जहाजांसाठी उचलतात, ते बघायला माणसं काठावर गर्दी करतात. आणि चुकीच्या काठावर राहिलात तर पूल पुन्हा खाली येईपर्यंत थांबा. मी म्हटलं, म्हणजे आमची शिवोलीची फेरीच की!

मला आवडलं हो. खोटं कशाला बोलू? आमच्या लहानपणी ‘सोव्हिएत देश’ची गुळगुळीत पानं पुस्तकांना कव्हर घालायला वापरायचो. त्या कव्हरांवरचे घुमट माझ्या घरचं माणूस बघणार होतं. शिवाय एवढी वर्षं तिकडची माणसं आमच्याकडे राहून गेली. मोरजीच्या आमच्या घरातून तिकडे कोणी गेलं नव्हतं.

बीगरूंकडे मीच बातमी घेऊन गेले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“अल्लि युद्ध नडदैतल्ल री, अक्का?”

युद्ध चालू आहे, हे मी कसं नाकारणार? त्यांनी वर्तमानपत्रातली कात्रणं काढली. 2024च्या सुरुवातीला कलबुर्गीकडची पोरं नोकरीच्या आमिषानं रशियाला गेली आणि लष्कराच्या कामाला जुंपली गेली, ती बातमी. ड्रोनच्या भीतीनं विमानतळ तासन् तास बंद ठेवल्याच्या बातम्या. मी म्हटलं, ही मुलं नोकरीला नाही, फिरायला चालली आहेत. ते म्हणाले, विमानतळ बंद झाला तर त्यांना काय वेगळं दार उघडणार आहेत का? यावर मी काय बोलणार! आणि व्हिसा, मास्टरकार्डची आपल्याकडची कार्डंही 2022च्या मार्चपासून तिथं चालत नाहीत, सगळे पैसे रोख न्यायचे, हे भाच्याच्या वहीतच लिहिलेलं होतं. अंदाज तीन लाखांच्या वर गेला होता तो वेगळाच.

मग मी जरा शहाणपणा करायला गेले. म्हटलं, अहो, साडेपाचशे वर्षांपूर्वी त्वेरचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी रशियाहून आपल्याकडे आला होता. चौलला उतरला, जुन्नरला राहिला, तुमच्या बिदरला येऊन त्यानं घोडा विकला, दाभोळहून परत निघाला. तेव्हा विमान नव्हतं, काही नव्हतं.

बीगरूंनी शांतपणे विचारलं, “मग तो घरी पोचला का?”

नाही पोचला. वाटेत स्मोलेन्स्कजवळ वारला. मी चहा पिऊन परत आले.

या सगळ्यात एक माणूस कोणी विचारलंच नव्हतं. जानेवारीत वहिनीनं सुनेला साडीच्या पसंतीसाठी बोलावलं, तेव्हा मी तिला घेऊन मोरजीला गेले. भरसीझन. नऊही खोल्या भरलेल्या. मुलगी येऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच कुणाला गरम पाणी हवं, कुणाची चावी हरवली, कुणाला दही. वहिनी बोलता बोलता चार वेळा उठली. तिची चूक नव्हे, तोच धंदा. पोरगी सगळं बघत होती.

संध्याकाळी आम्ही दोघी टेंबाकडे चालत गेलो. नदी समुद्राला मिळते तिथं ओहोटीची वाळू वर आली होती. कासवांच्या घरट्यांना जाळी लावलेली. मी विचारलं, “तुला कुठं जायचंय, ते सांग की.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आत्या, मला रशिया, दुबई काही नाही. लांब पाहिजे एवढंच. इथून बेळगाव चार तास. गोकर्णला गेलो तर अप्पांचा फोन, महाबळेश्वरला गेलो तर कुणीतरी ओळखीचं भेटणार. आणि परत आल्यावर मी या नऊ खोल्यांच्या घरात. दर मे महिन्यापर्यंत कुणीतरी दार वाजवणार. ते मी करीन, मला माहीत आहे करायचं काय ते. पण आधी दहा दिवस तरी मला कुणाची पाहुणी व्हायचं नाही आणि कुणाला पाहुणा करायचं नाही.”

मला गोकाकच्या फोटोतली ती वेणी आठवली.

त्याच आठवड्यात भाच्याला त्या रशियन जोडप्याचं उत्तर आलं. ते पीटर्सबर्गला नव्हतेच. सप्टेंबर 2022मध्ये तिकडे सैन्यभरती जाहीर झाली, तेव्हा ती दोघं देश सोडून कझाकस्तानात अल्माटीला गेली होती. त्यांच्या फोटोंत मागे डोंगर दिसायचे, भाच्याला वाटायचं सहलीला गेले असतील! त्यांनी लिहिलं होतं, आम्हीच अजून घरी गेलो नाही, तुम्हाला कुठं बोलावू? पण अल्माटीला या, आमच्याच घरी राहा.

आणि तिथून चक्रं फिरली. भारतीयांना कझाकस्तानात 2022पासून चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. कार्डं चालतात. शहराला लागून तियान शानचे बर्फाचे डोंगर, शंभरेक किलोमीटरच्या पलीकडे दऱ्या, आणि सफरचंदाचं मूळ रानटी झाड त्याच डोंगरांतलं. रशियन सगळीकडे बोलतात, म्हणजे भाच्याचं अंगणातलं रशियन तरी कामाला येणार. खर्च पावणेदोन लाखांत बसू लागला. वहिनीनं एकच विचारलं, “तिथं समुद्र आहे?” नाही. त्या अख्ख्या देशाला महासागर कुठूनच लागत नाही. भाचा म्हणाला, तेच बरं!

आता प्रश्न उरला राहण्याचा. भावाचं म्हणणं, ज्यांनी आपल्या घरात मधुचंद्र केला ते प्रेमानं बोलावतात, त्यांच्याकडे न राहता हॉटेलात उतरायचं? हा अपमान झाला. शिवाय दहा दिवसांचं भाडं वाचतं. भाचाही त्याच बाजूचा. त्यानं कळवूनसुद्धा टाकलं होतं, येतो म्हणून. होणाऱ्या बायकोला न विचारता.

वाळूत ऐकलेलं मी कुणाला सांगणार नव्हते, पण सांगितलं. भाच्याला बाजूला घेतलं, माडाखाली. ऐकताना त्याचा चेहरा पडला. म्हणाला, “मला सांगितलं नाही तिनं.” मी म्हटलं, “तू विचारलंस?” आम्ही पाहुणचारावर जगणारी माणसं. घरात परकं माणूस असणं आम्हाला खटकतच नाही. खटकणाऱ्याचं आम्हाला नवल वाटतं. माझ्या भावाच्या लग्नानंतर वहिनी कुठं गेली होती, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला विचारलं. कुठंच गेली नव्हती.

भाच्यानं दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या मित्रांना कळवलं, की आम्ही हॉटेलात राहू, एक दिवस जेवायला येऊ. उत्तर लगेच आलं, हसऱ्या चेहऱ्यासकट. त्यांनाही मोरजीत दार वाजलेलं नकोच असायचं, फक्त कासवांच्या वेळी सोडून! आणि खाली दोन शब्द, भाच्यानं मोठ्यानं वाचले, ‘मेदोवी मेस्यत्स’. रशियनमध्ये मधुचंद्र. त्यांच्याकडे मधाला ‘म्योद’ म्हणतात, आपल्या मधूचंच भावंड. आणि ‘मेस्यत्स’ म्हणजे महिना, चंद्रसुद्धा, आपला मास. कन्नडातही मधुचंद्रच. बीगरूंना मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

पण त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. “एष्टु दूर री?”

मी आता तयारीनं गेले होते. म्हटलं, दिल्लीहून विमानानं चारेक तास. आपण चोर्ला घाटानं साखळी, डिचोली, म्हापसा करत मोरजीला जातो, तेवढाच वेळ. त्यांनी मनात हिशेब केला. मग म्हणाले, “मोरजीसुद्धा लांबच आहे, अक्का.”

एक अडचण कागदपत्रांची होती. वहिनीला सुनेचं नाव लग्नातच बदलायचं होतं, तिनं नवं नाव निवडूनही ठेवलं होतं. पण तिकीट आणि पासपोर्ट यांत एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही, आणि पासपोर्ट आहे माहेरच्या नावाचा. तेव्हा ठरलं, तांदळात लिहायचं ते लिहा, कागदावर सगळं परत आल्यावर बघू. मुलगी म्हणाली, परत आल्यावरही बघू. वहिनी काही बोलली नाही. मीही नाही.

परवा तिकिटं निघाली. त्याची छापील प्रत घेऊन मी बीगरूंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. तारीख, वेळ, आणि मग बोट ठेवून मुलीचं नाव, पुढं स्वतःचं आडनाव. मला वाटलं परत देतील. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. म्हणाले, दुसरी काढून घ्या.