जुन्या जीपचा पत्रा

जुनी जीप आणून उभी केली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "भाऊ, बॉडी ओरिजनल आहे ना?" विचारताना तो बोनेटकडे, जाळीकडे, नव्या रंगाकडे बघत असतो. मी पोतं अंथरून गाडीखाली शिरतो. वरचा पत्रा हुशार रंगारी आठवड्याभरात हवा तसा करून देतो. खालून सजवायचे कष्ट फारसे कोणी घेत नाही, म्हणून बॉडीचं वय तिथूनच वाचायला घ्यावं.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपांच्या बुडाखाली पत्र्याच्या पन्हळीसारख्या आधारपट्ट्या असतात. कारखान्यातून येताना त्यांच्या पोटात लाकूड भरलेलं असे. लाकडात एकदा पाणी मुरलं की ते लवकर सुकत नाही, त्यामुळे पट्टी आतून कुजते आणि वरचा फ्लोअर नेमका त्या रेषेत गंजतो. आमच्याकडे तर काळी माती चिखल होऊन बुडाला बसली की उन्हाळ्यापर्यंत सुटत नाही. अशा पट्टीत पेचकसाचं टोक घातलं आणि गंजाबरोबर कुजक्या लाकडाचा भुगा हातात आला, तर मला खरा आनंद होतो. मालकाचा चेहरा पडतो, पण तो भुगा म्हणजे बूड जुनं असल्याची सर्वांत भक्कम साक्ष आहे. फ्लोअर सपाट, पट्ट्या पोकळ आणि स्वच्छ असतील तर बूड नंतर कुणीतरी बसवलं, हे उघड आहे.

आमच्या ढाणकीसारख्या गावात जीप आली ती गरजेपोटी. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलिसचे सुटे भाग आणले आणि पुढे मुंबईत माझगावला जीपा जोडायला सुरुवात केली. १९५२ मध्ये सामुदायिक विकास योजना आली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. बीडीओची जीप, जंगल खात्याची जीप हे मागच्या पिढीने रोज पाहिलेलं दृश्य. वापरून थकलेल्या सरकारी गाड्या लिलावात निघायच्या आणि शेतकऱ्याकडे, ठेकेदाराकडे जायच्या. जंगलाच्या बंदी भागातल्या वाटांवर दुसरं काही चालतच नव्हतं. मग प्रवासी वाहतूक वाढली आणि ह्याच गाड्या काळी-पिवळी झाल्या. मागचा पत्रा कापून वीतभर, हातभर वाढवला, समोरासमोर बाकं टाकली, वर लोखंडी टप चढवला. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. त्यामुळे आमच्या भागात अंगाला हात न लागलेली जीप शोधणं म्हणजे वेळ घालवणं. कुठे हात लागला, केव्हा लागला आणि कशासाठी, एवढं मात्र सांगता येतं.

त्यातलं 'केव्हा' सांगतो सांधा. कारखान्याचं स्पॉट वेल्डिंग म्हणजे दोन पत्रे तांब्याच्या टोकांत दाबून वीज सोडायची. त्याच्या हरभऱ्याएवढ्या गोल खुणा ओळीने, जवळपास सारख्या अंतरावर पडतात. गावातल्या दुकानात ही सोय नव्हती. तिथे टाकीत कार्बाइड आणि पाणी घालून गॅस तयार व्हायचा आणि पितळेच्या कांडीने झाळ बसायची. रंग खरवडला की चाकाच्या कमानीच्या आतल्या अंगाला ती पिवळी रेघ दिसते. ती दिसली की मी काम जुनं धरतो, आमच्या आधीच्या पिढीच्या हातचं. आर्कने जोडलेलं असेल तर आजूबाजूला गोळ्या उडालेल्या असतात. आणि बारीक, एकसारखी, जरा उंच राहिलेली रेषा असेल तर ते सीओटू वेल्डिंग, म्हणजे अगदी अलीकडचं. पितळी झाळीची एखादी रेघ इतकी सरळ असते की बघत राहावं. ज्याने ती ओढली त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

दुसरी साक्ष रंगाची. आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही अशा जागी, मी पाण्याचा कागद फिरवून नाण्याएवढी जागा घासतो. घासत गेलं की कडेकडेने एकेक थर उघडतो. एका जीपच्या डॅशबोर्डखाली असे थर निघाले: वर ताजा हिरवा, मग काळा, मग पिवळा, मग फिकट करडा आणि तळाशी तांबडं रेड ऑक्साइड. मागच्या कोपऱ्यात तोच कागद फिरवला तर हिरवा, त्याखाली पुट्टीचा जाड थर आणि लगेच उघडा पत्रा. पुढच्या अर्ध्या अंगाने जे दिवस पाहिले ते मागच्या अर्ध्याने पाहिलेच नव्हते. लोहचुंबक सुती फडक्यात गुंडाळून त्या कोपऱ्यावर धरलं, तर ते नुसतं घसरलं. ही गाडी काळी-पिवळी असताना वाढवलेली होती आणि विकण्याआधी कुणीतरी पुन्हा कापून आखूड केली होती.

हिरव्या रंगाबद्दल इथेच सांगून टाकतो. जुनी दिसावी म्हणून लोक जीपला लष्करी हिरवा मारतात. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. खासगी गाडीला तो चालत नाही.

रंगाने गाडी युद्धातली होतही नाही. युद्धातल्या जीपच्या जाळीत नऊ खाचा, पुढे मुलकी वापरासाठी निघालेल्या सीजे जीपांच्या जाळीत सात. अगदी सुरुवातीच्या एमबीला तर दाबलेल्या पत्र्याची जाळीच नव्हती, लोखंडी पट्ट्या जोडलेल्या होत्या. एमबीला मागे उघडणारा फाळका नाही, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि डाव्या बाजूला फावडं-कुऱ्हाड अडकवायची जागा. महिंद्रांची जी जीप आपण सगळ्यांनी पाहिली ती सीजे-३बी. तिचं हरिकेन इंजिन उंच, म्हणून बोनेटही उंच. उंच बोनेटवर नऊ खाचांची जाळी दिसली, तर पुढचं न तपासताही ती बदललेली आहे असं म्हणता येतं. नट-बोल्टांना पाना लावूनही पाहावं. अमेरिकन गाडीचे बोल्ट इंची मापाचे, अर्धा इंच, नऊ-सोळा. तिथे दहाचा किंवा तेराचा पाना घट्ट बसला, तर तो बोल्ट नंतरचा.

हे सगळं आता नुसत्या हौसेचं राहिलेलं नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात राखलेली हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. नियम चांगला आहे. मात्र त्यामुळे मालकांना घाई झाली, आणि त्या घाईत जे चाललंय ते मला सोसवत नाही. हरियाणातलं मंडी डबवाली जुन्या जीपा नव्याने बांधून देण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या कारागिरांच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. पण नवी कोरी बॉडी, नऊ खाचा, फावड्याची जागा, सगळं पुस्तकाबरहुकूम आणून जुन्या चेसिसवर चढवायचं आणि खरी बॉडी ठिगळाची म्हणून भंगारात वजनावर घालायची, हे मूळ रूप राखणं नव्हे. ठिगळं असलेली बॉडीच मूळ आहे. नवी बॉडी फक्त मूळ गाडीसारखी दिसते.

यावर काही जण रोल्स-रॉइसचा दाखला देतात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती कंपनी चेसिस आणि इंजिनच विकायची, बॉडी बार्कर किंवा हूपरसारखे कोचबिल्डर बांधायचे, आणि हौशी मालक पुढे ती बदलूनही घ्यायचे. मग तिथे मूळ कोणती? बरोबर आहे. म्हणूनच तिथे जाणकार बॉडी कुणी, कोणत्या साली बांधली हे विचारतात आणि नंतरची असेल तर तसं लिहितात. जीपच्या बाबतीत मी तेवढंच मागतो.

मी हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देत नाही. कागदावर गाडीची बाजू काढतो आणि कारखान्याचा पत्रा, जुनी झाळ, अलीकडचं काम हे तीन रंगांत रंगवून मालकाच्या हातात देतो. त्या आखूड केलेल्या जीपचा असाच कागद केला. काच आणि बोनेटमधला पत्रा (काउल), दोन्ही मडगार्ड, फ्लोअरचा पुढचा भाग आणि डावी बाजू अर्ध्यापर्यंत कारखान्याची निघाली. मालकाला म्हटलं, "दादा, मागचे दोन कोपरे नवे करू, ते तसेही पुट्टीवरच उभे आहेत. पट्टीतलं कुजकं लाकूड काढून सागाचं भरू. आणि कमानीतली पितळी झाळ घासू नका, तिच्यावर नुसता प्रायमर मारून ठेवा."