हप्ता कोण ठरवतं?

नवी मुंबई
वैशाख

चि. ताई,

परवा तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तोच विषय आहे. ॲक्च्युअरींच्या, म्हणजे विम्याची जोखीम मोजून दर काढणाऱ्या गणितींच्या, संस्थेची प्रवेशपरीक्षा द्यायची आणि विद्यार्थी सभासद व्हायचं, असं तू म्हणालीस. मागून दाजींचा आवाज आला, "पण मग नोकरी कुठं लागते?" आणि अक्काचं म्हणणं, आधी बी.एस्सी. होऊ दे. दोघांचंही रास्त आहे. असल्या गोष्टी फोनवर नीट सांगून होत नाहीत, म्हणून हे पत्र. मी स्वतः ॲक्च्युअरी नाही, पण विमा कंपनीच्या मूल्यांकन विभागात त्यांच्या हाताखाली नोकरी केली. जे जवळून पाहिलं तेवढंच लिहितो.

आधी व्यवहाराचं. ही संस्था १९४४ साली ॲक्च्युअरींची सोसायटी म्हणून सुरू झाली. २००६ साली संसदेनं वेगळा कायदा केला, तेव्हापासून ती इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया झाली. सीएंची असते तशीच कायद्यानं उभी राहिलेली संस्था. बारावी झालेल्यांना प्रवेशपरीक्षेला बसता येतं. गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी, आकडेवारी वाचणं, तर्क असे विषय असतात. तुझं संख्याशास्त्र पक्कं आहे, ती परीक्षा तुला जड जाणार नाही. खरी चढण सभासद झाल्यावर लागते. पुढे डझनभर पेपर, प्रत्येकाची फी वेगळी, शिवाय सभासदत्वाची वर्षाची वर्गणी. एकेका पेपरला अर्ध्याहून कमी मुलं पास होतात, हे नेहमीचं. फेलो, म्हणजे पूर्ण ॲक्च्युअरी, होईपर्यंत कित्येक वर्षं जातात, म्हणून देशभरात फेलो काहीशेंच्याच घरात आहेत.

तेव्हा दाजींना माझ्याकडून सांग: नुसत्या सभासदत्वावर नोकरी मिळत नाही. पदवी पुरी कर. तिच्याबरोबरच संख्याशास्त्राचा पहिला आणि विमागणिताचा पहिला, असे दोन पेपर काढ. एक्सेल आणि आर ही संगणकभाषा हात बसेपर्यंत शिक, कारण या पेपरांचा एक भाग कॉम्प्युटरवरच सोडवायचा असतो. दोन-तीन पेपर हातात असले की विमा कंपन्या आणि सल्लागार फर्म दारात उभं करतात, आणि नोकरीत असलेल्यांची पुढची फी बऱ्याच कंपन्या भरतात. मोठ्या शहरातल्या महागड्या क्लासला आत्ताच पैसे घालू नकोस. प्रवेशपरीक्षेची फी मी भरीन, त्यावर वाद नको.

आता तू विचारलेला प्रश्न, ज्यासाठी मी खरं तर पत्र लिहायला बसलो. "मामा, आमच्या सोयाबीनचा हप्ता ठरवतं तरी कोण?"

पंतप्रधान पीक विमा योजना २०१६च्या खरिपापासून आहे. सोयाबीनसाठी शेतकऱ्यानं विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के भरायचे, कपाशीसाठी ५ टक्के. मधली दोन वर्षं, २०२३ आणि २०२४च्या खरिपात, आपल्या राज्यात एका रुपयात विमा होता; २०२५च्या खरिपापासून तो बंद झाला. पण शेतकरी भरतो तो हप्ता वेगळा आणि खरा दर वेगळा. खरा दर जोखमीवरून काढतात. त्या त्या भागात त्या पिकाचं उत्पादन गेल्या काही वर्षांत किती वर-खाली झालं, ते मांडून ॲक्च्युअरी तो बसवतो. शेतकऱ्याच्या वाट्यावरचं जे उरतं ते केंद्र आणि राज्य सरकार भरतं.

भरपाईचा हिशेब तुला कागदावर करून दाखवतो. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. महसूल मंडळातल्या मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची. समज, त्यांची सरासरी हेक्टरी १५ क्विंटल आली. तिचे ७० टक्के, म्हणजे साडेदहा क्विंटल, हे उंबरठा उत्पादन. यंदा पीक कापणी प्रयोगांतून मंडळाची सरासरी ८.४ निघाली, तर तूट २.१ क्विंटलची, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा रक्कम हेक्टरी ५० हजार असेल, तर १० हजार मिळतील. पण मंडळाची सरासरी ११ आली, तर कुणालाच काही नाही. त्यात ज्याच्या वावरात सोंगून रचलेल्या पिकाची सुडी पावसात कुजली, तोही आला. दाजींचं एका वर्षी हेच झालं. नाल्याकाठचं सगळं सोयाबीन काळं पडलं, पलीकडच्या गावांत बरं पिकलं, आणि सरासरीनं दाजींना रिकाम्या हाती परत पाठवलं.

वावराऐवजी मंडळ धरण्याची ही पद्धत कुठून आली, ते तुला माहीत हवं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली ती लेख लिहून मांडली. लाखो छोट्या वावरांत जाऊन प्रत्येकाचं नुकसान मोजणं कोणत्याही कंपनीला परवडणारं नाही. आणि वावरावर पैसे मिळणार असतील, तर पीक राखायची ओढही कमी होईल. म्हणून सगळ्या भागाचं एकच माप धरा, असं त्यांचं म्हणणं. १९७९ साली त्यावर प्रायोगिक योजना निघाली, आजच्या योजनेतही गाभा तोच आहे. त्यांचा तर्क मला आजही बिनतोड वाटतो. दाजींचं दुःखही तितकंच खरं आहे. मंडळाऐवजी गाव धरलं तर किती फरक पडेल, किती जास्त प्रयोग करावे लागतील, दर किती चढेल, हे काढता येतं. ते काढायला बसणाऱ्याला सुडी म्हणजे काय हे ठाऊक असलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

ज्यांचा विमा त्यांना ओळखून दर काढायचा, हे आयुर्विम्यातही होऊन गेलं आहे. इंग्रजी अमदानीत परदेशी कंपन्या भारतीय माणसाच्या विम्याला जादा हप्ता लावत. मुंबईतली बॉम्बे म्युच्युअल ही आपल्या लोकांना नेहमीच्या दरानं विमा देणारी पहिली कंपनी. पुढे ओरिएंटल कंपनीच्या १९२५ ते १९३५च्या अनुभवावरून भारतीयांचा मृत्युदर मांडणारा तक्ता झाला, आणि एलआयसीनंही तो पुष्कळ वर्षं वापरला. आपल्या माणसांची नोंद आपण ठेवली, तेव्हा दर आपल्या माणसांना धरून निघाले.

अक्षय तृतीयेला भेंडवळला घटमांडणी झाली असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यावरून सांगितलेला पीकपाण्याचा अंदाज ऐकायला जमणारे लोक मी पाहिलेले आहेत. जळगाव जामोदच्या अंधारात, धुळीत, मैलोन्‌मैल आलेले. यंदा काय होणार हे कळावं ही त्यांची गरज फार खोल आहे. ॲक्च्युअरीला कुणाचं वावर बुडेल हे सांगता येत नाही. इतक्या वावरांत किती बुडू शकतील आणि त्यासाठी आज किती पैसे बाजूला ठेवायचे, एवढं तो सांगू शकतो. त्याचा आकडा चुकला, तर भरपाईच्या दिवशी तिजोरी रिकामी निघते किंवा गरिबाकडून वर्षानुवर्षं जास्त घेतलं जातं. म्हणूनच विद्यार्थी सभासदालाही संस्थेचे आचारनियम पहिल्या दिवसापासून लागू असतात. अर्जाबरोबर तेही वाचून घे.

आणि एक काम सांगतो, ते परीक्षेच्या आधीच कर. सोयाबीन काढणीला येईल तेव्हा आपल्या मंडळात पीक कापणी प्रयोग होतील. तलाठ्याला आणि कृषी सहायकाला तारीख विचारून ठेव आणि जाऊन उभी राहा. गट नंबर यादृच्छिक अंकांवरून कसा निवडला, वावरात चौकोन कुठून आखला, दोरी किती ताणली, शेंगा ओल्या होत्या की वाळलेल्या, काट्यावर वजन कुणी वाचलं, हे सगळं वहीत उतरवून मला पाठव. दाजींना सोबत ने. दोरी कुठं सैल पडते हे त्यांना तुझ्याआधी दिसेल.

तुझा
मामा