मागे उभा असलेला वादक

या स्मरणिकेसाठी वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. मी एकच आठवण लिहितो, आणि ती माझ्या चुकीची आहे.

नववीतील एक विद्यार्थी एका संध्याकाळी मला म्हणाला, "सर, आपल्या शाळेत बास गिटार घेता येईल का?" आमच्याकडे तेव्हा एक हार्मोनियम, तबल्याची जोडी आणि दोन ढोलक्या होत्या. त्याने हे वाद्य गावी जयंतीच्या ऑर्केस्ट्रात पाहिले होते. सगळे गायकाकडे पाहत होते; हा मात्र छातीत घुमणारा आवाज कोठून येतो ते शोधत होता. मागे, ड्रमवाल्याशेजारी, चार जाड तारांची गिटार घेऊन एक माणूस उभा होता. मी म्हणालो, "ज्याचा आवाज कोणाला वेगळा ऐकूही येत नाही, ते वाद्य शिकून काय करणार? गळा चांगला आहे, पुढे येऊन गा." तो गायला नाही. पुन्हा त्याने काही मागितलेही नाही.

बारा वर्षांनी तो भेटायला आला. आयटीआय करून कारखान्यात लागला होता, आणि पगारातून पैसे साठवून त्याने जुनी बास गिटार घेतली होती. जय भीम झाल्यावर त्याने मोबाइलवर 'माय गर्ल' हे १९६४ सालचे इंग्रजी गाणे लावले. मला आरंभी काहीच विशेष ऐकू येईना. त्याने हसून इयरफोन पुढे केले. "सर, या स्पीकरला खर्ज झेपत नाही." आता ऐकले, तर गाण्याची सुरुवातच बासने होत होती, बाकीची वाद्ये मागून येत होती. "हे कोणी वाजवले?" मी विचारले. त्याने जे सांगितले, ते इतिहासाच्या सवयीने मी नंतर वाचून पडताळले.

त्या वादकाचे नाव जेम्स जेमरसन. जन्म १९३६, दक्षिण कॅरोलायनातील एडिस्टो बेटावरचा. दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय उत्तरेच्या औद्योगिक शहरांकडे गेले, त्या ओघात तोही १९५४ मध्ये डेट्रॉइटला आला. तेथील नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये तो डबल बास शिकला. शाळेत शिकला, हे वाक्य मी दोनदा वाचले.

१९५९ मध्ये बेरी गॉर्डी यांनी त्याच शहरात मोटाउन कंपनी सुरू केली. एका घरात थाटलेल्या तिच्या स्टुडिओत जेमरसन वाजवू लागला, पुढे फेंडर कंपनीची विजेवरची बास गिटार घेऊन. तोवर या वाद्याचे काम बहुतेक मूळ स्वर धरून ठेका सांभाळण्याचे असे. जेमरसनने त्याला बोलायला लावले. कसलेला तबलजी डग्ग्यावर बोल फिरवून गायकाशी संवाद साधतो, तसा तो मधल्या स्वरांतून फिरत, अवचित थांबत, ठेक्याच्या मागेपुढे खेळत गाणे पुढे नेई. आणि हे सारे उजव्या हाताच्या एका तर्जनीने! तार तुटेपर्यंत तो ती बदलतही नसे.

अटलांटिकपलीकडे लिव्हरपूलच्या पॉल मॅकार्टनीकडे १९६१ मध्ये बास आला, तो जुना वादक गट सोडून गेला म्हणून, हौसेने नव्हे. पुढे हा जगप्रसिद्ध बीटल जेमरसनला आपला आदर्श म्हणू लागला. मात्र त्याचे नाव आपल्याला फार उशिरा कळले, हेही त्याने सांगितले आहे. कळणार तरी कसे? मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापतच नसत. कित्येकांनी त्या तबकड्या ऐकून बास हाती घेतला, पण आपला गुरू कोण हे त्यांना ठाऊक नव्हते.

१९७१ मध्ये मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या वेष्टनावर ते नाव अखेर छापले गेले. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली. १९८३ मध्ये तिचा पंचविसावा वर्धापन सोहळा झाला, तेव्हा जेमरसन मंचावर नव्हता, प्रेक्षकांत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी तो गेला.

कंपनीचा मालकही कृष्णवर्णीयच. त्याने आपल्या लोकांना उभे केले, हे श्रेय मोठेच आहे. तरी आपल्याच माणसाने आपल्या माणसाचे नाव गाळावे, येथे मी अडखळलो. मग कपाटातून आपल्या स्नेहसंमेलनाच्या जुन्या पत्रिका काढल्या. प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष, गायक, निवेदक सारे होते. ढोलकी वाजवणाऱ्या मुलाचे नाव एकाही वर्षी नव्हते. त्या पत्रिका माझ्याच हस्ताक्षरात छापखान्यात जात असत.

यंदाच्या संमेलनात तो विद्यार्थी बास वाजवणार आहे. पत्रिकेत सर्व वादकांची नावे घातली आहेत. कच्चा मसुदा पाहून त्याने खाली पेन्सिलीने ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याचे नाव वाढवले, आणि म्हणाला, "सर, आमच्या गावात आलेल्या त्या बासवाल्याचे नाव मात्र अजून कळलेले नाही." जयंती मंडळाच्या त्या वर्षीच्या वहीत ऑर्केस्ट्राचे नाव आहे, दिलेली रक्कम आहे, वादकांची नावे नाहीत. ऑर्केस्ट्राच्या मालकाचा पत्ता मात्र मिळाला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत.