सात पुरुष पाणी

आमच्या सांगोल्याकडे विहिरीची खोली पुरुषात मोजतात. एक पुरुष म्हणजे साधारण सहा फूट. 'चार पुरुष पाणी आहे' म्हटलं की उडी मारायची की काठावरूनच नमस्कार करायचा, ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझे दोघे भाऊ पाठीला डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकले. मी पायऱ्यांवर बसून त्यांचे कपडे सांभाळले. पोरीला विहिरीत कोण सोडणार? पुढे एम. ए. झाले, सहा वर्षं शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर प्रवाळ बेटांच्या आकृत्या काढल्या. पण स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेले नाही.

इथे आल्यावर लेकीने पोहण्याचा पहिला बिल्ला, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या घरी असलेला तो 'झेपफर्डशेन', मिळवला आणि विचारलं, "आई, तुझा कुठाय?" चौतिसाव्या वर्षी मी नगरपालिकेच्या तलावात नवशिक्यांच्या वर्गाला नाव घातलं. तिथे ओळख झालेल्या एका जर्मन मैत्रिणीने वर्षभराने डायव्हिंगचं खूळ डोक्यात घातलं. मी म्हटलं, "अगं, एसेनपासून समुद्र केवढा लांब!" ती म्हणाली, "समुद्र कशाला? डुइसबुर्गला गॅसच्या टाकीत जाऊ."

मला ती चेष्टा वाटली, पण तसं नव्हतं. डुइसबुर्ग स्टेशनहून 903 नंबरची ट्राम घेतली की लांडशाफ्ट्सपार्क नॉर्ड येतं. पाहुण्यांना दाखवायला तुमच्यापैकी पुष्कळजण तिथे गेला असाल. थिसेनचा हा जुना लोखंडाचा कारखाना 1985 साली बंद पडला. तो पाडून टाकण्याऐवजी पेटर लाट्स या वास्तुरचनाकाराने त्याचा बाग-वजा परिसर केला. लोक पाचव्या भट्टीवर चढतात, रात्रीची रंगीत रोषणाई बघतात आणि परततात. मात्र भट्टीचा वायू साठवायच्या जुन्या गोल टाकीत पाणी भरून ठेवलंय, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. 45 मीटर व्यास, 13 मीटर खोली, 2 कोटी 10 लाख लिटर पाणी. मी लगेच हिशेब केला : आमच्याकडे उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर 2100 खेपा! आणि खोली? सात पुरुष.

डॉक्टरचा दाखला, तलावातला सराव हे सगळं झाल्यावर टाकीत उतरायची वेळ आली. जाड रबरी पोशाख अंगात चढवतानाच निम्मा दम गेला. पाणी थंड आणि काळपट. खाली जाताना दर मीटरला नाक दाबून कानात हवा ढकलायची असते, नाहीतर कान ठणकतात. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तीन मीटरवर प्रशिक्षक बाईंनी खुणेने विचारलं, ठीक ना? मी अंगठा वर केला. त्यांनी मला धरलं आणि थेट वर आणलं! डायव्हिंगमध्ये अंगठा वर म्हणजे 'वर चला'. 'ठीक' साठी तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ करायचं. हे मला शिकवलं होतं, पाठही होतं, पण भीतीपुढे पाठांतर टिकत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना 'येत होतं तर पेपरात का नाही लिहिलंस?' असं विचारायची मी. क्षमा करा रे.

खरं सांगायचं तर तेव्हा घरी जायचा विचार पक्का झाला होता. बाई म्हणाल्या, पाच मिनिटं बसा, मग ठरवा. बसले आणि पुन्हा उतरले. या वेळी तळापर्यंत पोचले. खाली मुद्दाम बुडवलेली बोट आहे, कृत्रिम खडक आहे. टॉर्चच्या उजेडात बोटीला हात लावला. स्वतःच्या श्वासाशिवाय काहीही ऐकू येत नव्हतं. माझं तोडकंमोडकं जर्मन तिथे कुणाला कळणार नव्हतं, कारण तिथे सगळेच मुके. वर आले, बाहेर पडले, तर नवरा माझा कोट, पिशवी आणि बूट कवटाळून बाकावर बसलेला.

त्यानंतर कळलं की या देशात समुद्रापासून लांब राहणाऱ्यांची डायव्हिंगची सोय बहुतेक जुन्या खाणींनीच केलीय. खाण चालू असेपर्यंत पंप लावून पाणी उपसतात. ती बंद झाली की भूजल आपोआप भरतं. लाइपझिगजवळचा कुल्कवित्झर तलाव ही कोळशाची खाण, हेमोरचा तलाव ही खडूची. नॉर्डहाउझनजवळच्या झुंडहाउझर तलावात तर डायव्हर लोकांसाठी पाण्याखाली छोटं गावच मांडलंय, चर्चसकट. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं देऊळ बुडालं, ते धरणापायी. इथे हौसेने बुडवलंय! यंदा जुलैत कुल्कवित्झला गेलो. वरचं पाणी छान कोमट, आणि खाली एका रेषेवर असं गार, की कुणी बर्फाच्या पेटीत ढकललं. जाणार असाल तर उन्हाळा बघून पातळ पोशाख घेऊ नका.

आईला इतके दिवस सांगितलं नव्हतं. खाणीच्या पाण्याकडे फिरकायचं नाही, हा तिचा आम्हा भावंडांना कायमचा दम. दगडखाणीत पोरं गेल्याच्या बातम्या आमच्याकडे दर पावसाळ्यात असतात, आणि तिचं काही चुकत नव्हतं. शेवटी गणपतीत व्हिडिओ कॉलवर टाकीचे फोटो दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "किती पुरुष पाणी म्हणालीस?"

"सात."

"आणि गाळ?"

"गाळ नाही गं."

"मग चांगली हाय हीर," ती म्हणाली, आणि भावाला फोटो दाखवायला फोन घेऊन आत गेली.