खानदानी चोर

चोराला खानदान विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. सापडला की आधी दोन ठेवून द्यायच्या, नाव-गाव मागाहून. इंग्रजांचं तसं नाही. कॉनन डॉयलने १८९१ साली ‘द रेड-हेडेड लीग’ ही शेरलॉक होम्सची गोष्ट लिहिली. तिच्यातला चोर जॉन क्ले हा चक्क राजघराण्यातल्या ड्यूकचा नातू, ईटन आणि ऑक्सफर्डला शिकलेला! आम्ही अमरावतीचे बी.कॉम. म्हणजे बँक फोडणारा बँक सांभाळणाऱ्यापेक्षा जास्त शिकलेला.

हा क्ले एका लाल केसांच्या सावकाराच्या दुकानात अर्ध्या पगारावर नोकरीला राहतो. (अर्ध्या पगारावर खुशीने राबणारा माणूस दिसला की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय.) मालक दिवसा दुकानाबाहेर राहावा म्हणून त्याला एक बनावट नोकरी मिळवून देतात : रोज १० ते २ विश्वकोश उतरवून काढायचा, पगार आठवड्याला ४ पौंड. इतकी सोयीची नोकरी मागायचं आमच्या युनियनलाही कधी सुचलं नाही! तिकडे मालक ‘ए’ अक्षराशी झुंजतो आणि इकडे क्ले दुकानाखालून शेजारच्या बँकेच्या तळघरापर्यंत भुयार खणतो. तळघरात सोन्याची ३०,००० नाणी.

आमच्या भातकुलीत त्याची डाळ शिजली नसती. हा सगळा खारपाणपट्टा. ही गोष्ट मी शिपाईकाकांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, “सोनं लागाच्या आंधी त्याले खारं पानी लागलं असतं ना जी!”

शेवटी क्ले पकडला जातो. हातात बेड्या, तरी रुबाब कायम. माझ्या अंगात राजरक्त आहे, घाणेरडे हात लावू नका, माझ्याशी बोलताना ‘सर’ आणि ‘प्लीज’ म्हणा, असं तो पोलिसांनाच बजावतो. आणि पोलीसही हसत हसत ते ऐकतात.

इथूनच साहेबी चोरांची चलती झाली म्हणा ना. डॉयलच्या मेव्हण्याने, हॉर्नंगने, १८९९ साली रॅफल्स पुस्तकरूपात आणला. हा दिवसा क्रिकेट खेळे, रात्री हिरे पळवी. १९०५ साली फ्रान्सात आर्सेन ल्युपां अवतरला. त्याची तर चोरीआधी पत्र पाठवण्याइतकी सभ्यता! मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी (१९०६-१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा काळापहाड लबाड धनिकांना लुटायचा, आणि वाचणारे मनातल्या मनात त्याच्याच बाजूचे.

वऱ्हाडाला मात्र याचं नवल नाही. आधी पत्र आणि मग हरण, हा प्रकार कौंडिण्यपुरात फार पूर्वी होऊन गेला. फरक इतकाच, की पत्र खुद्द रुक्मिणीने धाडलं होतं. बहिणीला परत आणल्याशिवाय कौंडिण्यपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून रुक्मी श्रीकृष्णामागे धावला, हरला आणि वाटेतच भोजकट वसवून राहिला. ते भोजकट म्हणजेच आमची भातकुली, असं परंपरा सांगते. पाठलाग फसला म्हणून वसलेलं गाव हे! पळवून नेणाऱ्याची आपण पूजा करतो, रुक्मीला कोणी विचारत नाही.

देवाची गोष्ट वेगळी, आणि पुस्तकातल्या चोराचं कौतुक करायलाही काही हरकत नाही. पण पुस्तक मिटल्यावरही ती सवय जात नाही. इस्त्रीचा सदरा आणि गोड बोलणं दिसलं, की आपण आपोआप ‘बसा ना साहेब’ म्हणतो. वीस हजारांच्या पीककर्जासाठी आलेला म्हातारा सात-बाराची घडी हातात धरून काउंटरपाशी उभाच असतो. त्याला जामीनदार विचारतात, थकबाकी विचारतात, आजाचं नावही विचारतात. कोटीवाल्याला विचारतात, “चहा, की कॉफी?”

होम्सने क्लेचं खानदान पाहिलं नाही. त्याने पाहिले पँटचे गुडघे. ते चुरगळलेले, झिजलेले, मातीने मळलेले होते. म्हणून तर तो होम्स!

आमच्याकडेही गुडघ्याला माती लागलेला माणूस रोज येतो. पण ती माती कपाशीच्या वावरातली असते. आमचा क्ले भुयार खणत बसत नाही. तो फॉर्म भरतो, झोकदार सही करतो आणि पुढच्या दाराने निघून जातो. त्याचे गुडघे तपासावेत, तर पँटीवर कडक इस्त्री!